सल्ला न पाळणाऱ्या रुग्णाला घरी सोडताना: परिचारिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका व ब्रदर यांच्यासाठी लिहिली आहेत. बहुतेक उत्तरांत एकाच प्रकारचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवला आहे: पन्नाशीतला, मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेला, हंगामात ऊसतोडीला जाणारा, तंबाखू सोडू न शकलेला, इन्सुलिनला एके दिवशी हो आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणणारा, आणि पाय टेकू नका असे रोज सांगूनही वॉर्डाबाहेर चकरा मारणारा. असा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकीने सांभाळलेला आहे. राउंडला युनिटचे सर वैतागून म्हणतात, "ऐकायचंच नसेल तर ठेवून काय उपयोग? उद्या सोडून द्या," आणि त्यानंतर डिस्चार्ज कार्ड तयार करणे, औषधे समजावणे व त्याच्या बायकोच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे सारे सिस्टरच्या वाट्याला येते.

डिस्चार्जचा आदेश डॉक्टरांचा असतो. मग यात परिचारिकेचा नैतिक पेच कुठे येतो?

आदेश डॉक्टरांचा असला तरी त्या आदेशाला लागणारी निम्मी माहिती परिचारिकेकडे असते, आणि पेच तिथूनच सुरू होतो. रुग्ण इन्सुलिन का नाकारतो, रात्री त्याला कोण भेटायला येते, घरी ड्रेसिंग कोण करणार, तो रडला का, तो घाबरला आहे का, हे दहा मिनिटांच्या राउंडमध्ये कळत नाही. तीन पाळ्यांत त्याच्याजवळ वावरणाऱ्यांना कळते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 मध्ये स्वीकारलेली व 2021 मध्ये पुन्हा सुधारलेली आचारसंहिता सांगते की, परिचारिकेची पहिली बांधिलकी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांशी असते. त्यामुळे घरी गेल्यावर या माणसाचा पाय जाईल असे जिला दिसत आहे, तिने "आदेश माझा नव्हता" एवढे म्हणून बाजूला होणे पुरेसे ठरत नाही.

या पानाची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. सल्ला न पाळणाऱ्या रुग्णाला घरी सोडणे काही वेळा योग्य असते, काही वेळा अपरिहार्य असते. पण तो डिस्चार्ज शिक्षा म्हणून दिला जात असेल, तर तो चुकीचा आहे आणि परिचारिकेने तसे बोलून दाखवले पाहिजे.

'हा ऐकतच नाही' असे ठरवण्याआधी काय तपासावे?

सर्वांत आधी कारण तपासावे, आणि ते रुग्णाच्याच तोंडून ऐकावे. वॉर्डात 'अनकोऑपरेटिव्ह' हा शब्द एकदा हँडओव्हरमध्ये आला की तो पाळी बदलली तरी पुढे सरकत राहतो, आणि मग त्यामागे काय आहे हे कोणी विचारत नाही.

आपल्या उदाहरणातील रुग्णाचेच पाहू. तो सकाळचे इन्सुलिन नाकारतो. चौकशी केल्यावर कळते की भरती झाल्यानंतर एकदा इंजेक्शन सातला मिळाले आणि न्याहारीची गाडी वॉर्डात साडेआठला आली. मधल्या वेळात त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर असेच होते. त्या अनुभवानंतर समोर न्याहारी दिसेपर्यंत इंजेक्शन घ्यायचे नाही असे त्याने ठरवले, आणि त्याचे ते ठरवणे शहाणपणाचे होते. येथे बदल रुग्णात करायचा नसून इन्सुलिनच्या ट्रेच्या वेळेत करायचा आहे, आणि तो बदल कोणाच्याही परवानगीवाचून वॉर्डातच करता येतो.

तो जखमी पायावर चालतो, याचेही कारण बहुधा हट्ट हे नसते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. ज्या जखमेने दुसरा माणूस कळवळला असता तिच्यावर हा सहज चालतो, कारण त्याला दुखतच नाही. जे दुखत नाही ते गंभीर आहे यावर त्याचा विश्वास बसावा तरी कसा? नायलॉनचा तंतू टेकवून त्याच्या पायाची तपासणी त्याच्या बायकोसमोर करावी. डोळे मिटून बसलेल्या नवऱ्याला तंतू कधी लागला हेच कळत नाही, हे तिने स्वतः पाहिले की पुढचे समजावणे निम्म्याने सोपे होते.

शिवाय घरची गणिते असतात. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते, आणि कामावर नसलेल्या दिवसाचा खाडा अंगावर बसतो. अशा माणसाला "अजून पंधरा दिवस राहा" असे सांगताना आपण त्याच्याकडून काय मागत आहोत, याची आपल्याला जाणीव असली पाहिजे. भीती हेही मोठे कारण आहे; शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापलेला पाहून पळून जाण्याची इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 च्या अहवालात नोंदवले होते की, विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. तेव्हा सल्ला न पाळणे हा काही मोजक्या आडमुठ्या माणसांचा दुर्गुण आहे असे मानण्याला आधार नाही.

रुग्ण स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे कसे ओळखावे?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा प्रश्न आहे. नकार देण्याचा हक्क प्रौढ रुग्णाला आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रुग्णाच्या खऱ्या व वैध संमतीवाचून उपचार करता येत नाहीत हे स्पष्ट केले. मात्र नकार खरा असायचा तर तो देणाऱ्याला माहिती समजली पाहिजे, तिचे परिणाम कळले पाहिजेत आणि निर्णय सांगता आला पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या चौथ्या कलमात क्षमतेचा विचार याच अंगांनी केला आहे, आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की, एखादा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्या व्यक्तीची क्षमता नाही असे समजू नये. तो कायदा मानसिक आरोग्यसेवेपुरता असला, तरी हे तत्त्व मेडिकल वॉर्डातही तितकेच उपयोगी आहे.

रोज दारू पिणारा माणूस सोमवारी भरती होतो आणि बुधवारी संध्याकाळी सलाईन उपसून "मला घरी जायचंय" म्हणून ओरडू लागतो, तेव्हा तो निर्णय घेत नसतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत दारू तुटल्याचा उन्माद येऊ शकतो. हात थरथरतात, नाडी जलद होते, घाम येतो, नसलेले किडे किंवा माणसे दिसतात. यात उपचारांअभावी मृत्यू येऊ शकतो. अशा रुग्णाचा अंगठा घेऊन त्याला गेटबाहेर सोडणे म्हणजे त्याचा हक्क जपणे नव्हे. साखर कमी होणे, ऑक्सिजन कमी पडणे, सोडियम उतरणे, यकृत निकामी होत जाणे, वृद्धांमधला लघवीचा जंतुसंसर्ग, या साऱ्यांत माणूस असाच बिथरतो. म्हणून अचानक "जातो" म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरवरची साखर पाच मिनिटांत पाहून घ्यावी आणि मगच त्याच्याशी वाद घालावा. क्षमतेविषयी अंतिम निर्णय डॉक्टरांनी द्यायचा आहे. पण त्यांना वेळेवर बोलावणे आणि आकडे हातात ठेवणे हे परिचारिकेचे काम आहे.

तंबाखूची तलफ ही उन्मादाच्या जवळपासही नसते, पण पहिल्या तीनचार दिवसांतली चिडचिड तिच्यामुळे असू शकते. निकोटीनचा च्युइंगगम देता येईल का, असे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

डॉक्टरांनी सोडायला सांगितले आहे, पण मला ते सुरक्षित वाटत नाही. मी काय करावे?

मत सांगण्याआधी वस्तुस्थिती सांगावी. "सर, त्याला नका सोडू" या वाक्याला उत्तर देणे सोपे असते. "सर, पाच नंबरच्या पेशंटला रात्री दोनला ताप होता, ड्रेसिंग आज दोनदा भिजलं, उपाशीपोटी साखर अजून 280 आहे, आणि घरी ड्रेसिंग करणारं कोणी नाही; आज सोडलं तर उद्याचं ड्रेसिंग कुठं होईल?" या वाक्याला मात्र उपचारांच्या भाषेतच उत्तर द्यावे लागते. हे राउंडच्या गर्दीत, रुग्णासमोर आणि विद्यार्थ्यांसमोर म्हणण्यापेक्षा राउंडनंतर बाजूला जाऊन सांगितले, तर ऐकले जाण्याची शक्यता कितीतरी वाढते.

एवढ्याने भागले नाही, तर परिसेविकांना (वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना) सांगावे, त्यांच्यामार्फत सहायक अधिसेविका किंवा अधिसेविका (मेट्रन) यांच्यापर्यंत आणि निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत विषय न्यावा. ही तक्रार नव्हे. रुग्णसुरक्षेची ठरलेली वाट आहे. डॉक्टरांवरही नियमांचे बंधन आहे: भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक आचरण विनियमांनुसार, एकदा रुग्ण हाती घेतल्यावर त्याची हेळसांड करता येत नाही आणि रुग्णाला व कुटुंबाला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय उपचारांतून अंग काढून घेता येत नाही.

इतके करूनही आदेश कायम राहिला तर काय? डिस्चार्ज रोखून धरण्याचा अधिकार परिचारिकेला नाही, आणि तसा आव आणल्याने नुकसान रुग्णाचेच होते. पण जे शिकवलेच नाही ते शिकवले अशी सही करायला तिने नकार द्यावा. 'इन्सुलिन कसे घ्यायचे हे समजावले' या रकान्यावर सही करण्यासाठी तिला अर्धा तास हवा असेल, तर तो मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि आमच्या मते ते तिचे कर्तव्यच आहे.

बाहेर खाटेसाठी रुग्ण ताटकळत आहेत. जो उपचार घेत नाही त्याने खाट अडवून ठेवणे न्याय्य आहे का?

हा प्रश्न खोटा नाही. जमिनीवर गादी टाकून झोपलेला तापाचा मुलगा आणि खाटेवर बसून औषधे उशीखाली सारणारा माणूस, हे दोघे एकाच वॉर्डात असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडानुसार शिक्षण रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीवर किती खाटांचा भार असतो हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी वेळ आणि खाट या दोन्ही गोष्टी वाटून द्याव्या लागतात.

तरीही खाट कोणाला द्यायची हे गरजेवरून ठरले पाहिजे, वागणुकीवरून नव्हे. ज्याला यापुढे रुग्णालयातल्या उपचारांचा उपयोग नाही किंवा जो बाह्यरुग्ण विभागात, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांभाळला जाऊ शकतो, त्याला सोडावे, मग तो कितीही आज्ञाधारक असो. ज्याच्या रक्तात संसर्ग पसरू लागला आहे त्याला ठेवावे, मग त्याने काल कितीही भांडण केलेले असो. चांगले वागणाऱ्याला खाट आणि वाईट वागणाऱ्याला दार, असा नियम एकदा वॉर्डात रुजला की त्याची पहिली झळ व्यसनी, बेवारस आणि गरीब माणसांना बसते.

रुग्ण स्वतःच 'मला सोडा' म्हणतो. त्याला अडवता येते का?

निर्णयक्षम प्रौढ रुग्णाला अडवता येत नाही. बिल थकले म्हणूनही नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या व केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत डिस्चार्ज मिळण्याचा हक्क स्वतंत्रपणे नमूद आहे. महाराष्ट्रातील खासगी शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांतही रुग्णहक्कांची सनद आहे.

अडवता येत नसले तरी थांबवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. "आज काय झालं म्हणून जावंसं वाटतंय?" हा प्रश्न "मेलात तर आम्ही जबाबदार नाही" या वाक्यापेक्षा जास्त माणसांना थांबवतो. पुष्कळदा उत्तर लहान असते: बायकोला रात्री झोपायला जागा नाही, मोबाईल चोरीला गेला, तपासणीचा कागद तीन दिवस सापडत नाही, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. यांतल्या काही गोष्टी मावशींच्या किंवा समाजसेवा अधीक्षकांच्या मदतीने तासाभरात सुटतात. पैशांची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना वॉर्डात बोलावून घ्यावे. रुग्णाला खाली खिडकीवर पाठवले की तो तिथूनच घरी निघून जाण्याचा धोका असतो.

'डामा'च्या (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या) कागदावर सही घेतली की आपली जबाबदारी संपते का?

संपत नाही. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याची सही एवढेच दाखवते की त्याने कागदावर सही केली. त्याला काय सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, ते त्याला कळले का, हे त्यासोबत लिहिलेले नसेल तर त्या सहीला फारसे वजन राहत नाही. धोके समजावून सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे. परिचारिका साक्षीदार म्हणून सही करते, आणि जे बोलणे तिने ऐकलेच नाही त्याची साक्षीदार तिने होऊ नये. नंदुरबारकडून आलेल्या भिल्ली बोलणाऱ्या माणसाला शुद्ध मराठीत वाचून दाखवलेला मजकूर हा समजावून सांगणे ठरत नाही. त्याच्या भाषेचा कोणी वॉर्डात आहे का, हे पाहावे.

काही वॉर्डांत असा प्रघात दिसतो की, डामा घेणाऱ्याला औषधे लिहून द्यायची नाहीत, कार्ड द्यायचे नाही, पुढची तारीख द्यायची नाही. हा प्रघात बंद व्हायला हवा. सल्ला मोडून जाणाऱ्यालाच तर पुढच्या आधाराची जास्त गरज असते. त्याला उपचारांचा सारांश, घरी घेता येतील अशी औषधे, धोक्याची लक्षणे आणि कधीही परत येता येईल असे स्पष्ट आश्वासन, एवढे तरी मिळालेच पाहिजे. जाण्यापूर्वी हातातली सुई काढली का आणि लघवीची नळी आहे का, हे स्वतः पाहावे. घाईत निघालेला रुग्ण हातात सुई तशीच ठेवून एस.टी.त बसू शकतो.

रुग्णाला राहायचे आहे, पण नातेवाईक घेऊन जात आहेत. अशा वेळी कोणाचे ऐकावे?

रुग्ण प्रौढ आणि शुद्धीवर असेल तर रुग्णाचे. आपल्याकडे कागदावर सही नवऱ्याची किंवा सासऱ्याची होते आणि खाटेवरची बाई भिंतीकडे पाहत राहते. मग नोंद होते की 'रुग्णाने डामा घेतला'. तिने घेतलेला नसतो. ड्रेसिंगचे किंवा इंजेक्शनचे निमित्त करून तिला पडद्याआड एकटीला गाठावे आणि "ताई, तुम्हाला स्वतःला राहायचंय की जायचंय?" असे सरळ विचारावे. भाजणे, विषप्राशन किंवा मारहाण असेल, तर हे प्रकरण वैद्यकीय-कायदेशीर आहे हे लक्षात ठेवून डॉक्टरांना तत्काळ कळवावे. घरगुती हिंसेची शंका असल्यास समाजसेवा अधीक्षक, संरक्षण अधिकारी किंवा सखी केंद्र (हिंसापीडित महिलांसाठीचे मदत केंद्र) यांच्याशी तिचा संपर्क तिच्या संमतीने जोडून द्यावा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने सुरू केलेल्या दिलासा केंद्राने हेच दाखवून दिले की, असे काम रुग्णालयाच्या आत, परिचारिकांच्या सहभागाने होऊ शकते.

अत्यवस्थ बालकाला पालक घरी नेऊ लागले, तर प्रश्न वेगळा असतो. तेथे मुलाचे हित आधी येते. वरिष्ठांना आणि गरज पडल्यास बालकल्याण समितीला कळवावे लागते.

रुग्ण किंवा नातेवाईक शिवीगाळ करतात, अंगावर येतात. तरीही त्याला ठेवायचे का?

परिचारिकेने मार खाऊन सेवा करावी अशी अपेक्षा कोणतीही आचारसंहिता करत नाही. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. सुरक्षारक्षकांना बोलवावे, एकटीने सामोरे जाऊ नये, घटना त्याच पाळीत लिहून द्यावी. मात्र नातेवाइकाच्या वागण्याची शिक्षा खाटेवरच्या रुग्णाला मिळू नये, आणि शुद्ध हरपलेल्या रुग्णाने उगारलेला हात हा गुन्हा नसून लक्षण आहे. शुद्धीवर असलेला रुग्णच धोकादायक वागत असेल आणि त्याची प्रकृती स्थिर असेल, तर वरिष्ठांच्या निर्णयाने त्याला दुसऱ्या वॉर्डात हलवणे किंवा घरी सोडून बाह्यरुग्ण उपचार देणे योग्य ठरू शकते. प्रकृती अस्थिर असेल तर नाही.

क्षयरोगाचा रुग्ण औषधे न घेता निघून जात असेल तर?

त्याच्या निर्णयाचे परिणाम त्याच्या घरातल्या लहान मुलांवरही होतात, त्यामुळे येथे पाठपुरावा अधिक काटेकोर हवा. क्षयरोगाची नोंद शासनाला कळवणे 2012 पासून बंधनकारक आहे. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय या शासकीय प्रणालीत त्याचा पत्ता व मोबाईल अद्ययावत आहे का ते पाहावे, जिल्ह्याच्या क्षयरोग पथकाला आणि गावच्या आशाताईंना तो निघण्यापूर्वीच कळवावे, निदान काही दिवसांची औषधे त्याच्या हाती द्यावीत. पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर 2024 पासून दरमहा एक हजार रुपये झाली आहे, हे अनेक रुग्णांना माहीत नसते. बँक खाते जोडलेले नसेल तर ते काम वॉर्डातच मार्गी लावावे. एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाबाबत मात्र कळवाकळवी करताना 2017 च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यातील गोपनीयतेचे बंधन विसरू नये.

नोंद कशी लिहावी?

जे दिसले आणि जे ऐकले ते लिहावे. स्वभावाचे वर्णन लिहू नये. 'रुग्ण सहकार्य करत नाही' या नोंदीतून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. 'सकाळी 7.10 वाजता इन्सुलिन नाकारले. म्हणाले, "नाष्टा आल्याशिवाय घेणार नाही, मागच्या वेळी चक्कर आली होती." साखर 264. डॉ. ना 7.20 ला कळवले. 8.35 ला न्याहारीसोबत इन्सुलिन घेतले' ही नोंद रुग्णाचा उपचार पुढे नेते, आणि उद्या चौकशी झाली तर परिचारिकेलाही तारते. नकार, त्याचे कारण, काय समजावले, कोणाला कळवले आणि पुढे काय झाले, हे सारे वेळेसह असावे.

घरी जाताना काय शिकवायचे? वेळ तर दहा मिनिटेच असतो.

दहा मिनिटांत सगळे सांगू नये. ज्यामुळे जीव किंवा पाय जाऊ शकतो तेवढेच सांगावे, आणि रुग्णाकडून ते परत म्हणवून व करवून घ्यावे.

इन्सुलिनमध्ये सर्वांत घातक चूक सिरिंजची होते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातले इन्सुलिन 100 युनिटचे असते, आणि 100 च्या खुणांची सिरिंज नारिंगी टोपणाची मिळते. 40 चे इन्सुलिन नारिंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत घेतले तर प्रत्यक्षात 8 च युनिट जातात. उलट 100 चे इन्सुलिन लाल सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरले तर 50 युनिट जातात, आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून कार्डावर केवळ युनिट लिहून थांबू नये. बाटली आणि सिरिंज रुग्णाच्या हातात द्यावी, त्याला डोस भरायला सांगावा, खूण स्वतः पाहावी. त्याला दिसत नसेल तर हे घरातल्या दुसऱ्या कोणाला शिकवावे.

फ्रीज नसेल तर वापरात असलेली बाटली ओल्या वाळूत किंवा पाण्यात ठेवलेल्या मडक्यात, थंड जागी, पाणी आत जाणार नाही अशी ठेवता येते. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. साखर उतरल्याची लक्षणे दिसली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा प्यावी, आणि नंतर भाकरी खावी. पायासाठी तीनच गोष्टी: रोज तळवा आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहणे, अनवाणी न चालणे, आणि ताप, काळेपणा किंवा दुर्गंधी आली तर त्याच दिवशी येणे.

योजना त्याच्या आयुष्यात बसणारी असावी. दिवसातून चार वेळा इंजेक्शन फडात शक्य नसेल, तर दोन वेळांचे वेळापत्रक चालेल का, हे डॉक्टरांना कार्ड लिहिण्याआधी विचारावे. अर्धाच पाळला जाणारा उत्तम सल्ला आणि पूर्ण पाळला जाणारा मध्यम सल्ला यांत निवड करायची असेल, तर ती रुग्णाला सोबत घेऊन करावी. तो ज्या कारखान्याच्या टोळीवर जाणार आहे, तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव कार्डावर लिहून द्यावे. त्याच्या मूळ गावच्या केंद्राचा पत्ता त्याला पाच महिने उपयोगी पडणार नाही.

सर्व करूनही रुग्ण निघून गेला आणि त्याचे बरेवाईट झाले, तर तो ताण कसा हाताळावा?

या ताणाविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते, आणि ते न बोलणे धोक्याचे आहे, कारण असे दोनचार प्रसंग मनात साठले की परिचारिका पुढच्या रुग्णाला समजावणेच सोडून देते. त्या पाळीतल्या सहकाऱ्यांनी परिसेविकांसोबत बसून त्या प्रसंगाविषयी बोलावे: आपल्याला काय माहीत होते, काय विचारायचे राहिले, वॉर्डाच्या कोणत्या व्यवस्थेत बदल करता येईल. दोष कोणाचा, या प्रश्नाने ही बैठक सुरू करू नये. स्वतःच्या नोंदी नीट असतील तर मन निवायलाही मदत होते. आपण प्रयत्न केला होता याची आठवण कागदावर असते.

तोच रुग्ण दोन महिन्यांनी आणखी वाईट स्थितीत परत आला तर त्याच्याशी कसे बोलावे?

"सांगितलं होतं ना?" हे वाक्य टाळावे, ते त्याला ठाऊक असते. पहिल्या दिवशी, ताप उतरल्यावर आणि पोटात काही गेल्यावर, मागचे कार्ड त्याच्यासमोर उघडावे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारावे की यातले काय जमले, काय जमले नाही आणि कशामुळे. जे जमले नाही त्याचे कारण नव्या केस पेपरच्या पहिल्याच पानावर लिहावे आणि ते राउंडला डॉक्टरांना वाचून दाखवावे, म्हणजे या वेळचे कार्ड त्या कारणांना धरून लिहिता येईल.